हिशेबाची वही आणि कवितेची वही

जून महिना उजाडला की धर्मगुरूच्या ओसरीवर चपलांची गर्दी होते. कोणाला दाखल्यावर सही हवी असते, कोणाला वसतिगृहासाठी शिफारसपत्र, आणि बऱ्याच जणांना हवा असतो तो सल्ला. सल्ला देण्यास पैसे पडत नाहीत. म्हणून आम्ही तो वर्षानुवर्षे मुक्तहस्ताने देत आलो. मात्र दिलेला सल्ला चुकला तर त्याची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न पन्नाशी ओलांडेपर्यंत आमच्या मनात कधी आला नाही. तो आणला एका विद्यार्थिनीने, आणि तोही कला शाखेच्या.

आमचे कोरपना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. वरती काळी जमीन. तीत कापूस, सोयाबीन आणि तूर. खाली जमिनीच्या पोटात चुनखडी, आणि त्या चुनखडीमुळे १९८० च्या दशकापासून आवारपूर, गडचांदूर आणि पुढे उपरवाही येथे उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. येथला मुलगा शाळेत जाताना एका बाजूला बापाचे पऱ्हाटीचे वावर पाहतो आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचे धुराडे. पावसाचा भरवसा नाही, कापसाच्या भावाचा त्याहून नाही. तेव्हा आईबापांनी धुराड्याकडे बोट दाखवले तर त्यांना दोष कसा द्यावा? 'वाणिज्य घे, हिशेब शीक, कुठेतरी चिकटशील', हे वाक्य आमच्या भागात घरोघरी ऐकू येते. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय ज्यांना दुसरे काही मिळाले नाही त्यांच्यासाठी, असा समज दृढ झाला आहे.

त्यातच विद्यापीठाची रचना बदलली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. त्यात विद्यार्थ्याला एक मुख्य विषय असतो आणि शिवाय आपल्या शाखेबाहेरचे काही विषय निवडावे लागतात. कागदावर ही निवड मोठी प्रशस्त आहे. पण लहान गावातल्या महाविद्यालयात ज्या शाखा आहेत त्यांतूनच निवड करावयाची असते. जेथे कला आणि वाणिज्य या दोनच शाखा एका छपराखाली नांदतात, तेथे कलेच्या विद्यार्थ्यासमोर वाणिज्याच्या वर्गाचाच दरवाजा उरतो.

ही विद्यार्थिनी त्या पहिल्याच तुकडीतली. तिचा मुख्य विषय मराठी साहित्य. वडील कोरडवाहू शेतकरी, आई महिलांच्या बचत गटात. ती आली ती रडवेली होऊन. "फादर, मला कविता शिकायची आहे; हे जमा-नावे माझ्याच्याने नाही होणार." आम्हांस तिची दया आली. आम्ही तिला सांगितले, "पास होण्यापुरते कर. मन तेथे गुंतवू नकोस. मन तुझ्या विषयातच ठेव."

हा सल्ला देताना आम्हांस काहीसे धन्य वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कार्डिनल न्यूमन वाचला होता. १८५२ मध्ये डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत त्याने ज्ञान हे स्वतःच साध्य आहे, ते कशाच्या तरी उपयोगासाठी नसते, असे प्रतिपादन केले होते. ते आमच्या मनात खोल रुजले होते. बाजाराच्या लोंढ्यात एका मुलीची कवितेची वही आपण कोरडी राखली, असे समाधान घेऊन त्या रात्री आम्ही झोपलो.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी हातात कवितेचीच वही होती. पण शेवटच्या पानावर तिने रकाने आखले होते. तिच्या आईच्या गटातील बायांनी एका संस्थेकडून प्रत्येकी ३०,००० रुपये कर्ज घेतले होते. मुदत दोन वर्षे, मासिक हप्ता १,५५० रुपये. वसुलीस येणाऱ्या माणसाने तोंडी सांगितलेला दर होता १२ टक्के. कर्ज घेण्यापूर्वी बाया आमच्याकडे आल्या होत्या, आणि आम्ही त्यांना सांगितले होते, "बारा टक्के म्हणजे सावकारापेक्षा कितीतरी बरे. घ्या निश्चिंतपणे." धर्मगुरूंनी होकार दिल्यावर शंका कोण घेणार?

मुलीने वही आमच्यापुढे ठेवली. ३०,००० वर १२ टक्के दराने दोन वर्षांचे व्याज ७,२०० रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून ३७,२०० आणि त्याचे २४ हप्ते. येथवर सर्व बरोबर. "पण फादर," ती म्हणाली, "दर महिन्याला १,२५० रुपये मुद्दल परत जाते. वर्षभराने आईकडे १५,००० रुपयेच उरतात. व्याज मात्र शेवटपर्यंत ३०,००० वरच चालते. शेवटच्या महिन्यात तिच्याकडे १,२५० रुपये असतील आणि त्यावर ती ३०० रुपये व्याज देईल." घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, हे तिने वर्गात शिकलेल्या रीतीने काढून दाखवले. मग तिने कर्जाच्या कागदांतील एक पान उलगडले. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अशा कर्जाचा खरा वार्षिक दर कर्जदाराला लेखी द्यावा लागतो. तो तेथे छापलेला होता. कोणीही वाचला नव्हता. आम्हीही नाही.

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस लाज वाटली ती संस्थेमुळे नव्हे, स्वतःमुळे. व्यवहारातले आपल्याला काही कळत नाही, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू. या अज्ञानाला आम्ही अलिप्तता असे गोड नाव दिले होते, आणि त्यात थोडे पावित्र्यही मिसळले होते. परंतु आमच्या अलिप्ततेचे व्याज पंधरा बाया भरत होत्या. अव्यवहारीपणाची किंमत बहुधा अव्यवहारी माणसाला मोजावी लागत नाही. ती त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते. असे असेल तर त्याला सद्गुण कसे म्हणावे?

तेव्हापासून आम्ही जुनी पुस्तके पुन्हा उघडली. ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. एक म्हणजे घराचा कारभार: घरातल्या माणसांना जे लागते ते नीट पुरवणे. दुसरी म्हणजे पैशासाठी पैसा मिळवणे. पहिलीला मर्यादा आहे, कारण गरजेला मर्यादा असते, दुसरीला नाही. आम्ही सेमिनरीत हा भेद पाठ केला आणि दुसरीचा तिटकारा करता करता पहिलीलाही हात लावणे सोडले. मध्ययुगातील विद्यापीठांत ज्या सात मुक्त कला शिकवीत, त्यांत व्याकरण, वक्तृत्व आणि तर्काच्या बरोबरीने अंकगणितही होते. मोजणे ही कलेच्या घरातलीच मुलगी; ती परकी आम्ही ठरवली. आणि जमा-नावे अशी दुहेरी नोंद ठेवण्याची व्यापाऱ्यांची रीत १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात सविस्तर मांडली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने. व्रतस्थ माणसाला खतावणीचे वावडे नव्हते.

इतके लांब जाण्याचेही कारण नाही. वसईत १९१८ मध्ये मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी एक पतसंस्था काढली. आज बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून जी ओळखली जाते, तिचे ते बीज. आपल्या माणसांना धर्मशिक्षण देऊन ते थांबले असते तर कोणी नावे ठेवली नसती. आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. महात्मा फुले नाटक आणि काव्य लिहीत आणि बांधकामाची कंत्राटेही घेत. शेतकरी कसा नागवला जातो हे त्यांना नेमके ठाऊक होते, कारण पैसा कोणत्या वाटेने जातो हे त्यांनी जवळून पाहिले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या चंद्रपूरने १६ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा पाहिला, त्या चंद्रपूरच्या माणसांना तरी हे सांगावे लागू नये की मुक्तीचा विचार आणि चलनाचा विचार एकाच मस्तकात नांदू शकतात.

आणि आमच्या वनजिल्ह्यांची गरज तर आजची आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर अनेक ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. विक्री आली म्हणजे निविदा आली, करार आला, बँकेचे खाते आले, मजुरीची पत्रके आली. ही वही कोण लिहिणार? गावातली शिकलेली मुले बहुधा कला शाखेचीच असतात. त्यांनी हिशेबाकडे पाठ फिरवली तर जंगल गावाचे आणि वही दुसऱ्याची, अशी अवस्था होईल. आणि वही ज्याची त्याचेच अखेर जंगलही.

म्हणून आम्ही आमचा सल्ला मागे घेतला. आम्ही त्या मुलीला सांगितले, "मन गुंतवून शीक." गटातील बायांनीही धडा घेतला. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास अशा कर्जावर दंड आकारता येत नाही, हेही तिनेच वाचून दाखवले होते. कापूस विकला गेल्यावर ज्यांना जमले त्यांनी उरलेली रक्कम एकदम भरून टाकली.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. पहिले वर्ष सरत आले आणि एका संध्याकाळी ती तिसऱ्यांदा आली. या वेळी ती रडत नव्हती, आणि तेच आम्हांस अधिक बोचले. वडिलांनी शिक्षण थांबवावयाचे ठरवले होते. त्यांनी तिला समोर बसवून हिशेब सांगितला होता: वर्षाचा पास, पुस्तके, परीक्षेचे शुल्क, त्यात वेचणीच्या हंगामात ती घरी असती तर वाचली असती ती मजुरी, आणि समोर मिळकत काहीच नाही. धाकट्याला तंत्रनिकेतनात घालावयाचे तर पैसा तिकडे लागणार. तिने तो हिशेब घरी जाऊन वहीत मांडला होता. "फादर," ती शांतपणे म्हणाली, "बाबाचा हिशेब बरोबर आहे जी. मी तीनदा तपासला. चूक सापडत नाही."

आम्ही वही हाती घेतली. खरोखरच चूक नव्हती. आम्ही काही बोलण्याआधी तिने विचारले, "आईच्या गटाचे पैसे वाचले, ते माझ्या जमेला धरू का?"

'हो' हा शब्द आमच्या ओठांवर आला होता. मोह मोठा होता: पाहा, कलेची विद्यार्थिनी, दोन विषय शिकली आणि घराला लाभ करून दिला, बाप कसा नाही म्हणेल? पण हो म्हणताच आम्ही काय कबूल केले असते? तिने लाभ करून दिला म्हणून तिने शिकावे. दिला नसता तर शिकू नये. पुढच्या वर्षी कर्जही नसेल आणि वाचवावयास पैसेही. मग तिच्या नावे काय लिहावयाचे? आम्ही गप्प राहिलो. मग आमच्या ध्यानात आले की तिच्या घरी आजी आहे. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली. आम्ही महिन्यातून एकदा तिला कम्युनियन घेऊन जातो.

"तुझी आजी या वहीत कोणत्या बाजूला आहे?" आम्ही विचारले.

ती गोंधळली. पुन्हा पान पाहिले. "आजी वहीत येतच नाही जी."

"काऊन? औषध लागते, दूध लागते. मिळकत तर काहीच नाही."

"आजी आहे ती," ती म्हणाली. जणू एवढे सांगितले म्हणजे सर्व सांगून झाले. आणि तसे ते झालेही होते.

"मग तूही येत नाहीस," आम्ही म्हणालो. "तुझा पास येतो, तुझी पुस्तके येतात. तू येत नाहीस."

बेरीज बरोबर असणे आणि निर्णय बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वहीत जे लिहिले त्याची बेरीज वही चोख सांगते. वहीत काय लिहावे आणि काय लिहू नये, हे ती सांगू शकत नाही. ते कोण सांगते? आजीच्या अंथरुणाजवळ बसलेली रात्र सांगते. कविता सांगते, इतिहास सांगतो, आणि देवालयातील दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा प्रसंगही सांगतो. तेथेही प्रभू येशूने मोजलेच, पण माप वेगळे वापरले. जे शिक्षण माणसाला हे माप देते, त्याला आपण कला शाखा म्हणतो आणि निरुपयोगी ठरवतो.

येथे आम्हांस संत तुकाराम आठवतात. ते दुकान चालवणाऱ्या घरात जन्मले. देणेघेणे आणि सावकारी त्यांच्या घरचीच होती. दुष्काळाने लोक पिचले तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. या प्रसंगाचे आपण वैराग्य म्हणून कौतुक करतो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ते कागद त्यांना वाचता येत होते. कोणाकडे किती निघते हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक आकड्यामागचे घर त्यांनी पाहिले असणार. ज्याला खत वाचता येत नाही त्याने ते नदीत टाकले तर ती केवळ हेळसांड. वाचता येऊन जो सोडतो, त्याच्या सोडण्याला अर्थ आहे. बुडवावयाची वही कोणती आणि जपावयाची कोणती, हे दोन्ही भाषा येणाऱ्यालाच कळते. बायांच्या कर्जाची वही नेटाने तपासावयाची होती. मुलीच्या नावाने मांडलेली वही मिटावयाची होती. त्या मुलीला एकच भाषा आली असती तर पहिल्या वेळी ती फसली असती, नाहीतर दुसऱ्या वेळी हरली असती.

मात्र मोठी वाक्ये बोलून पासचे पैसे भरले जात नाहीत, हेही आम्ही आता शिकलो आहोत. आम्ही वडिलांकडे गेलो. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी पाट दिला, चहा दिला आणि म्हणाले, "फादर, तुम्ही सांगता ते पटते जी. पण दुकानदाराला मी काय सांगू?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि तो गृहस्थ मुलीवर कमी प्रेम करतो म्हणून तो प्रश्न विचारत होता, असेही नव्हते. गरीब माणसाला हिशेब करावाच लागतो. जे मोजावयाचे नाही ते मोजण्याची पाळी त्याच्यावर येते, ही त्याची चूक नसून त्याच्यावरचा अन्याय आहे.

शेवटी एक लहानसा मार्ग निघाला. आमच्या धर्मग्रामाची कीर्द आणि दोन बचत गटांच्या वह्या आता ती मुलगी लिहिते. त्याचा मेहनताना तिला मिळतो आणि तो जमाखर्चात रीतसर लिहिला जातो. तिच्या श्रमाला किंमत आहे आणि ती वहीत दिसलीच पाहिजे; तिला स्वतःला किंमत नाही, मोल आहे, आणि त्यासाठी रकाना नाही. पास आणि परीक्षेचे शुल्क त्यातून भागते. वेचणीच्या दिवसांत ती शनिवारी-रविवारी वावरात जाते. एका वर्षाचा प्रश्न सुटला. पुढच्या वर्षाचा जूनमध्ये पुन्हा उभा राहील, आणि वडिलांनी अजून कोणताही शब्द दिलेला नाही.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आईबापांना आम्ही आता इतकेच सांगतो: मुलीने कविता निवडली असेल तर तिला हिशेबाच्या वर्गालाही आनंदाने पाठवा, आणि मुलाने हिशेब निवडला असेल तर त्याच्या हाती एखादे कवितेचे पुस्तकही द्या. पोटासाठी म्हणाल तर पहिल्याचा थोडाफार उपयोग होईल. दुसऱ्याचा उपयोग विचारू नका. घरात कोणी अंथरुणाला खिळेल तेव्हा तो आपोआप दिसेल.

राहिले आमचे स्वतःचे. दर शनिवारी सायंकाळी वही लिहून झाली की ती विद्यार्थिनी आम्हांस अर्धा तास खतावणी शिकवते. नावे आणि जमा यांत आमची अजून गफलत होते. ती हसत नाही. पान उलटते आणि म्हणते, "पुन्हा मांडा, फादर."